मोबाइलवरचे दुकान

गिरगावात ऑपेरा हाउसच्या बाजूला गेलात, तर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने दिसतात. तिथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहते, भाव विचारते, घासाघीस करते. पण आता वाहन घ्यायचे असले, की माणूस आधी मोबाइल उघडतो आणि दुकानाचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट पाहतो. हे संकेतस्थळ कसे असावे?

समजा, तुमच्या मामूंना घरोघरी सामान पोहोचवण्यासाठी जुनी स्कूटर हवी आहे. मोबाइलवर चित्र पाहून, एका दिवसाची मजुरी बुडवून ते मुंब्र्याहून लोकलने परळच्या दुकानात आले. तिथे कळले, की ती स्कूटर महिन्यापूर्वीच विकली गेली! म्हणून विकलेले वाहन त्याच दिवशी संकेतस्थळावरून काढले पाहिजे. चित्रेही त्याच वाहनाची हवीत. ओरखडा असेल तर तोही दिसू द्यावा. व्यापाऱ्यांना हे पटत नाही. पण ओरखडा दुकानात दिसणारच असतो.

चित्राखाली काय लिहावे? वाहन कोणत्या सालचे, किती किलोमीटर चाललेले, आधीचे मालक किती, विमा कधी संपतो, बँकेचे कर्ज शिल्लक आहे का. एमएच-०१ असा क्रमांक असेल, तर नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयातली, हे जाणकार ओळखतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुनी वाहने विकणाऱ्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. त्याचा क्रमांक पहिल्याच पानावर असावा.

नव्या वाहनाच्या किमतीत एक गंमत असते. मोठ्या अक्षरांत लिहिलेली किंमत बहुधा 'एक्स-शोरूम' असते. तिच्यात रस्ताकर, नोंदणी आणि विमा यांचा खर्च मिळवला, की 'ऑन-रोड' किंमत होते. खिशातून जाते ती ही दुसरी रक्कम! दोन्ही शेजारी-शेजारी लिहिल्या, तर गिऱ्हाइकाला घरी बसून हिशेब करता येतो.

आता तुमच्या ओळखीची गोष्ट. मुंबईत मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती बोलणारे सारेच वाहने घेतात, म्हणून पुष्कळ भाषांत पाने करणे फायद्याचे. मात्र उर्दू पान नुसते भाषांतर करून होत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे डावीकडून उजवीकडे. संगणकाला हे नीट सांगितले नाही, तर मध्ये जागा सोडून लिहिलेल्या फोन नंबरचे दोन भाग उलटेसुलटे दिसतात. मागचे पाच आकडे पुढे, पुढचे मागे! गिऱ्हाईक फोन करते आणि भलताच माणूस बोलतो. नस्तालीक लिपीतील अक्षरे तिरपी खाली उतरतात, म्हणून दोन ओळींत जागाही जास्त सोडावी लागते.

पत्ता लिहिताना जवळची खूण द्यावी, कारण 'परळ' एवढ्याने दुकान सापडत नाही. पान तयार झाले, की ते दुकानातल्या मोठ्या संगणकावर पाहून खूश होऊ नये. एखाद्या साध्या मोबाइलवर, लोकलच्या गर्दीत उभे राहून ते उघडून पाहावे. उर्दू पानावरचा नंबर तर एकदा स्वतःच लावून पाहावा.