चूक तशीच ठेवली!

गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणजे अठरा वर्षे लाल शाईच्या सहवासात काढली आहेत. ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करता करता माणसाचा स्वभावच असा होऊन जातो, की लग्नपत्रिका हाती आली तरी मुहूर्ताच्या आधी त्यातले शुद्धलेखन डोळ्यांत भरते. तेव्हा श्रावणातल्या एका रविवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो असताना पलीकडच्या खोलीतून एकाएकी गलका सुरू झाला, याचा मला राग आला, यात नवल नाही. ड्रम बडवले जात होते, गिटार खणखणत होती आणि कुणी एक पोरगा घसा फाडून ओरडत होता.

"अगं, हे गाणं आहे की भांडण?" मी इथूनच विचारले.

"गाणंच आहे, बाबा. साठ वर्षांपूर्वीचं. इकडे या ना, तुम्हांला यातली एक चूक दाखवते."

चूक म्हटल्यावर मी उठलोच!

चूक खरोखरच होती. मधला गिटारचा तुकडा संपतो न संपतो तोच गायक अवेळी तोंड उघडतो. भलत्या जागी आलो हे ध्यानात येताच गप्प बसतो. ड्रमवाला चार हात जास्त मारून वेळ सावरून घेतो आणि मग गायक, जणू काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू करतो.

"मग पुन्हा का नाही गायले?"

"एकदाच वाजवलं, बाबा. तेच ठेवलं."

तेच ठेवले! त्या रात्री उत्तरपत्रिका तशाच राहिल्या, आणि पुढचे दोन महिने बापलेकीने मिळून ही जुनी गाणी हुडकण्यात घालवले. त्यांतून जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

ते गाणे 'लुई लुई'. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी 'किंग्समेन' नावाच्या पोरांच्या मेळाने ६ एप्रिल १९६३ रोजी ते मुद्रित केले. मायक्रोफोन इतका उंच टांगला होता, की जॅक ईली या गायकाला मान वर करून ओरडावे लागले. साहजिकच शब्द कुणालाच कळले नाहीत. जे कळत नाही ते अश्लीलच असणार, असा काही पालकांचा समज झाला. तक्रारी थेट वॉशिंग्टनला गेल्या, आणि एफ.बी.आय.ने तबकडी निरनिराळ्या वेगांनी फिरवून ऐकली. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या तपासाचा निष्कर्ष काय? तर शब्द कळत नाहीत! वास्तविक गाण्यात एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या माणसाला आपल्या दूरच्या प्रेयसीची आठवण सांगतो, इतकेच आहे.

अशा गाण्यांना पुढे 'गॅरेज रॉक' हे नाव पडले. त्याचा उगम समजायला दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली तबकडीची. आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी काढली. एका बाजूस एक गाणे, दुसऱ्या बाजूस एक. खेळ अडीच-तीन मिनिटांचा. किंमत शाळकरी पोराच्या खिशाला झेपेल अशी. दुसरी गोष्ट ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्रीची. त्या रात्री एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात इंग्लंडचे बीटल्स गायले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी त्यांना पाहिले. दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या पोरांनी आईबापांकडे गिटारचा हट्ट धरला असला पाहिजे! सीअर्स कंपनीच्या सूचिपत्रातून गिटार टपालाने घरी येई. तालमीला जागा कुठली? तर बापाची मोटार बाहेर काढली, की रिकामे होणारे गॅरेज. आपल्याकडे चाळीच्या गच्चीवर गणपतीच्या मेळ्याच्या तालमी होत, तसाच हा मामला.

गायकी बेताची, स्वरमेळ तीन, आणि उत्साह मात्र तीनशे! त्यात सूर मुद्दाम फाटका करणारी एक लहानशी पेटी १९६२ मध्ये बाजारात आली होती. रोलिंग स्टोन्सनी १९६५ मध्ये ती गाजवली आणि मग जो तो सूर फाडू लागला. गावातलाच एखादा हौशी माणूस काही शे तबकड्या काढून देई. स्थानिक नभोवाणी केंद्राने त्या लावल्या, तर पोरे आठवडाभर गावची राजे.

एखादीचे नशीब उघडेही. मिशिगन राज्यात शेतमजुरीसाठी आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांनी '९६ टिअर्स' ही तबकडी काढली. गायकाने स्वतःला नाव घेतले होते, नुसते प्रश्नचिन्ह! ऑर्गनच्या चार सुरांवर घोळणारे ते गाणे ऑक्टोबर १९६६ मध्ये साऱ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याच वर्षी सॅन होझेच्या 'काउंट फाइव्ह' मेळाचे 'सायकॉटिक रिअॅक्शन' पाचव्या क्रमांकावर गेले. ही पोरे ड्रॅक्युलाचे झगे घालून वाजवीत, आणि कीर्ती दाराशी आलेली असताना, पदव्या पुऱ्या करायच्या म्हणून पांगली. आमच्या सौभाग्यवतींना या सगळ्या मंडळींत एवढीच मुले पसंत पडली!

पण बहुतेकांचे नशीब उघडले नाही. १९६७ उजाडेपर्यंत मोठ्या तबकड्यांचा आणि लांबलचक गाण्यांचा जमाना आला. कुणाला व्हिएतनामच्या लढाईचे बोलावणे आले, कुणी केस कापून नोकरीला लागला. सात इंची तबकड्या माळ्यावर गेल्या. जॅक ईलीची गंमत तर क्रूरच. गाणे गाजण्यापूर्वीच मेळातल्या भांडणातून तो बाहेर पडला, आणि पुढे दूरचित्रवाणीवर त्याच्या आवाजावर दुसराच माणूस ओठ हलवू लागला. मूळ गाणे रचणारा रिचर्ड बेरी हा लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय गायक. लग्नाला पैसे हवेत म्हणून त्याने आपले हक्क साडेसातशे डॉलरांना विकून टाकले होते. गाणे जगभर वाजत होते आणि हा सरकारी मदतीवर दिवस काढीत होता. १९८० नंतरच्या दशकात कायद्याच्या आधाराने त्याला आपला वाटा परत मिळाला, आणि १९९७ मध्ये तो वारला तो सुखवस्तू होऊन.

माळ्यावरच्या या तबकड्यांना दुसरा जन्म दिला तो एका दुकानातल्या विक्रेत्याने. लेनी के हा न्यूयॉर्कमध्ये जुन्या तबकड्यांच्या दुकानात काम करणारा, संगीतावर लेख लिहिणारा तरुण. इलेक्ट्रा कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांच्या कल्पनेवरून त्याने अशी २७ गाणी निवडली आणि १९७२ मध्ये दोन मोठ्या तबकड्यांचा 'नगेट्स' हा संच निघाला. मातीतून निवडलेले सोन्याचे खडे! लेनीने प्रत्येक गाण्यामागे टिपण लिहिले. कोण पोरे, कुठल्या गावची. त्या टिपणांत त्याने 'पंक रॉक' हे शब्द वापरले. चार वर्षांत त्या नावाचे नवे संगीत उभे राहिले आणि लेनी स्वतः पॅटी स्मिथच्या मेळात गिटार वाजवू लागला. १९९८ मध्ये तोच संच चार तबकड्यांचा होऊन आला, तेव्हा गाणी ११८ झाली होती.

या लाटेचे शिंतोडे आपल्या मुंबईवरही उडाले होते. १९६५ च्या 'गुमनाम' चित्रपटाच्या आरंभी टेड लायन्स आणि त्याचा मेळ पडद्यावर वाजवतो आणि लक्ष्मी छाया बेभान नाचते. संगीत शंकर-जयकिशन यांचे, गळा महंमद रफींचा. आपण ते विसरलो होतो. पण २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाने आपला आरंभ त्याच नाचाने केला, आणि नव्या पिढीला लक्ष्मी छाया पुन्हा सापडली.

हे सारे मुलीशी बोलत असताना एकदा मी सहज म्हणालो, "लेनीच्या जागी मी असतो, तर 'लुई लुई' नापास केलं असतं."

ती हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण एक जुनी गोष्ट आठवली.

पंधरा वर्षांपूर्वी खेड्यातून आलेला एक विद्यार्थी कॉलेजच्या वार्षिकासाठी कविता घेऊन आला होता. गावाहून आई एस.टी.ने जेवणाचा डबा पाठवते. रिकामा डबा परत पाठवताना त्यात आपण काय भरून द्यायचे, अशी काहीशी ती कविता होती. 'पाणी'चे 'पानी', 'आणि'चे 'आनि'. मी सतरा लाल खुणा केल्या आणि खाली लिहिले, 'शुद्ध करून आणावी.' त्याने मान हलवली, कागद घडी करून खिशात घातला. पुन्हा तो आला नाही.

"त्याचं नाव काय होतं, बाबा?" मुलीने विचारले.

मला सतरा खुणा आठवत होत्या. नाव आठवेना.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन त्या सालचे वार्षिक काढले. सगळ्या कविता वाचल्या. एकीतही अनुस्वार चुकलेला नाही. त्यातली एकही मला आठवत नव्हती. डब्याची कविता त्यात नव्हती. असणार कुठून? संपादक मीच होतो.

यंदाच्या वार्षिकासाठी कविता येऊ लागल्या आहेत. त्या मी पेन बंद करून वाचतो आहे. आणि प्रत्येकीखाली, न विसरता, आधी नाव पाहतो.