असं का? : लाखो नोंदी, क्षणात आलेख

एका सर्व्हरचं तापमान दर 10 सेकंदांनी नोंदवलं, तर दिवसाला 8,640 नोंदी होतात. हजार सर्व्हर असले तर 86 लाखांहून जास्त. तरीही महिन्याभराचा आलेख चुटकीसरशी पडद्यावर येतो. कसा?

दूधवाल्याचा हिशेब आठवा. रोज एक लिटर ठरलेलं असतं. कॅलेंडरवर खूण होते ती फक्त कमी-जास्त झालेल्या दिवशी. वेळेनुसार येणाऱ्या नोंदी साठवणारा ‘टाइम सिरीज डेटाबेस’ नेमकं हेच करतो. दोन नोंदींमधलं अंतर नेहमीचंच असेल, तर वेळ पुन्हा पूर्ण लिहायची गरज नाही. एका बिटात काम भागतं. आकडा आधीचाच असेल, तर त्यालाही एकच बिट. फेसबुकच्या ‘गोरिला’ या अशाच डेटाबेसने 16 बाइटची नोंद अशी सरासरी 1.37 बाइटवर आणली. वाचायचंच कमी, म्हणून आलेखही झटपट. 2015 साली हे तंत्र प्रसिद्ध झालं, ही मोठीच देणगी.

ओपन सोर्समधला ‘प्रोमिथियस’ हेच तंत्र वापरतो. तो स्वतः प्रत्येक सर्व्हरकडून आकडे मागून आणतो, पण वेगळं सांगितलं नाही तर 15 दिवसच जपतो. ‘इन्फ्लक्सडीबी’कडे बहुधा उपकरणंच आकडे पाठवतात. ‘टाइमस्केलडीबी’ पोस्टग्रेस या डेटाबेसवर चढवलेली जोड आहे, त्यामुळे ओळखीची एसक्यूएल भाषा चालते.

सर्व्हरवर नजर ठेवायची असेल, तर प्रोमिथियस घ्या. वर्षानुवर्षांच्या नोंदी इतर माहितीशी जोडून पाहायच्या असतील, तर टाइमस्केलडीबी सरस. मात्र त्यातली नोंदी लहान करण्याची (कॉम्प्रेशनची) सोय वेगळ्या परवान्याखाली येते. तो आधी नीट वाचा.