गिऱ्हाइकांच्या नजरेखाली

प्रवाळखडकांविषयी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत एक छोटा मासा हमखास भेटतो. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, अंग निळसर पांढरे आणि तोंडापासून शेपटीपर्यंत रुंद होत गेलेला काळा पट्टा. मोठ्या माशांच्या अंगावरचे किडे तो वेचून खातो, त्यांच्या कल्ल्यांत आणि उघड्या जबड्यातही बिनदिक्कत शिरतो, आणि ज्याच्या जबड्यात शिरतो तो मासा त्याला सहसा गिळत नाही. चित्राखाली बहुधा 'समुद्रातला डॉक्टर' किंवा 'सगळ्यांचा मित्र' असे लिहिलेले असते. किडे खाणे खरे, जबड्यात शिरणेही खरे. पण ही व्यवस्था मैत्रीवर चालते, हे खरे नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत समुद्रात आणि प्रयोगशाळेत जमा झालेला पुरावा वेगळेच सांगतो. या सफाई माशाला किड्यांपेक्षा दुसरेच काही जास्त आवडते. तरीही तो मुख्यतः किडे खातो, कारण त्याच्यावर गिऱ्हाइकांची नजर असते. मुलांना ही गोष्ट पूर्ण सांगायला हवी. ती खरी आहे म्हणून तर हवीच, पण दयाळू डॉक्टरच्या गोष्टीपेक्षा ती मुलांना कितीतरी जास्त विचार करायला लावील म्हणूनही हवी.

या माशाचे शास्त्रीय नाव लॅब्रॉइडीस डिमिडिएटस. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथपासून पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंतच्या उष्ण समुद्रांत तो राहतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर तो आहे. तो भटकत नाही. प्रवाळाचा एखादा उंचवटा, एखादी कपार ही त्याची ठरलेली जागा असते आणि आसपासच्या माशांना ती माहीत असते. अभ्यासक तिला सफाई केंद्र म्हणतात, आणि लेखाचा खरा विषय हे केंद्रच आहे. गिऱ्हाईक तिथे येते, पाण्यात स्थिर होते, कुणी डोके वर करून, कुणी खाली करून. पर पसरते, तोंड उघडते. काही जातींचे मासे अशा वेळी रंगही बदलतात. सफाई मासा मग त्याचे अंग तपासू लागतो. तो वेचतो ते मुख्यतः नॅथिइड नावाचे कवचधारी किडे. ते डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे असतात आणि माशाचे रक्त पिऊन खाली उतरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लिझर्ड बेटापाशी अलेक्झांड्रा ग्रटर या शास्त्रज्ञ महिलेने 1990च्या दशकात मोजदाद केली, तेव्हा एक सफाई मासा दिवसाकाठी सरासरी 1,218 परजीवी खातो असे आढळले. एका दिवसात तो दोन हजारांहून अधिक वेळा माशांची तपासणी करतो. एकच गिऱ्हाईक दिवसातून अनेकदा परत येते, हे लक्षात घेतले की हा आकडा पटतो.

इथवरची गोष्ट पुस्तकांत असते. पुढची नसते. प्रत्येक माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. तो त्याच्या त्वचेचे रक्षण करतो आणि तो तयार करण्यात त्याची शक्ती खर्च होते. ग्रटर आणि रेदुआन ब्शारी यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सफाई माशांपुढे पोपटमाशाच्या अंगावरचा हा थर आणि नॅथिइड किडे असे दोन्ही पदार्थ ठेवले. त्यांनी पसंती दिली ती थराला. म्हणजे गिऱ्हाइकाला किडे काढून हवे असतात आणि सेवा देणाऱ्याला त्याच गिऱ्हाइकाच्या अंगाचा लचका हवा असतो. दोघांचे हित इथेच फाटते. गिऱ्हाइकाच्या अंगाला बारीकसा झटका बसलेला दिसला की समजावे, सफाई माशाने किडा सोडून थर खाल्ला. समुद्रात हे झटके मोजता येतात, आणि या विषयातला बराचसा अभ्यास त्या मोजणीवर उभा आहे. आता प्रश्न असा की, फसवणुकीचा मोह प्रत्येक घासाला असताना ही व्यवस्था मोडत का नाही?

ब्शारी यांनी याचे उत्तर इजिप्तमधील रास मोहम्मदच्या प्रवाळांवर, तांबड्या समुद्रात, वर्षानुवर्षे निरीक्षणे करून शोधले. त्यांना गिऱ्हाइकांचे वेगवेगळे प्रकार दिसले. काही मासे दूरवर फिरणारे असतात. त्यांच्या टप्प्यात दोन-तीन केंद्रे येतात. त्यांना फसवले किंवा ताटकळत ठेवले तर ते सरळ दुसरीकडे जातात. सफाई मासा अशांना आधी घेतो. काही मासे लहानशा हद्दीत राहणारे. त्यांना एकच केंद्र उपलब्ध असते आणि त्यांना थांबावे लागते. पण तेही असहाय नसतात. फसवले गेले की ते सफाई माशाचा पाठलाग करतात, आणि पाठलाग झालेला सफाई मासा पुढच्या खेपेला त्यांच्याशी सरळ वागतो. तिसरा प्रकार शिकारी माशांचा. ते सफाई माशालाच गिळू शकतात, म्हणून त्यांना तो क्वचितच फसवतो. या सगळ्यांच्या जोडीला असतात ते बघे. शेजारी थांबलेले गिऱ्हाईक आधीच्याशी कसा व्यवहार चालला आहे ते पाहते आणि त्यावरून जवळ जायचे की नाही ते ठरवते. ब्शारी आणि ग्रटर यांनी 2006 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की बघणारे कुणी असेल तर सफाई मासा आपली आवड बाजूला ठेवून वागतो. निघून जाण्याची मुभा, प्रतिकाराची ताकद आणि शेजाऱ्याची नजर, या तिन्हींनी मिळून हे केंद्र सरळ चालते. यात कुणाच्या चांगुलपणावर काही सोडलेले नाही.

केंद्राच्या आतला कारभारही याच रीतीचा आहे. एका नराच्या ताब्यात अनेक माद्या असतात, आणि पुष्कळदा नर व मादी जोडीने एकाच गिऱ्हाइकाची सफाई करतात. अशा वेळी एकाने थर ओरबाडला तर गिऱ्हाईक जाते आणि दोघांचेही नुकसान होते. निकोला रैहानी, ग्रटर आणि ब्शारी यांनी 2010 साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्लास्टिकच्या पट्टीवर दोन तऱ्हेचे खाद्य लावले होते. आवडती कोळंबी खाल्ली की पट्टी उचलली जाई. नावडता चुरा खात राहिले तर ती तशीच राही. मादीने कोळंबीला तोंड लावले की नर तिच्यामागे धावे, आणि त्यानंतर ती सांभाळून खाई. यामागे आणखी एक पेच आहे. या जातीत सगळे मासे आधी मादी असतात. नर मेला की गटातली सर्वांत मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि दोनेक आठवड्यांत खरोखर नर होते, डी. आर. रॉबर्टसन यांनी 1972 साली हे नोंदवले. त्यामुळे जास्त खाऊन वाढणारी मादी ही नराची उद्याची प्रतिस्पर्धी असते. आकाराने आपल्या जवळ आलेल्या मादीला नर अधिक कडक शिक्षा करतो, असेही पुढे दिसून आले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. 'फसवणूक', 'शिक्षा', 'गिऱ्हाईक' हे माणसांचे शब्द. बोटाएवढ्या माशाच्या डोक्यात ते कोंबणे कितपत योग्य? माझे उत्तर असे की, हे शब्द माशाच्या मनाविषयी काही सांगत नाहीत, ते वागणुकीची नावे आहेत. झटका मोजता येतो, पाठलाग मोजता येतो, नंतर झटके कमी झाले की नाही हेही मोजता येते. माशाला अपराधी वाटते असे कुणी म्हटलेले नाही. उलट 'मित्र' आणि 'डॉक्टर' हे शब्द मात्र मनाविषयीच बोलतात, आणि त्यांना पुरावा नाही. शिवाय या माशाची बुद्धी कमी लेखणेही बरोबर नाही. पाहुणे गिऱ्हाईक आधी आणि स्थानिक नंतर, या धर्तीवर दोन पट्ट्यांचा प्रयोग रचून तो चिंपांझी, ओरांगउटान आणि कॅपुचिन माकडांपुढेही ठेवला गेला. थोडा वेळच राहणारी पट्टी आधी खावी, हे प्रौढ सफाई माशांनी या वानर-माकडांपेक्षा चांगले हेरले. पण सफाई माशांच्या पिलांना ते जमले नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण अनुभवाचा यात वाटा आहे हे त्यातून सुचते. 2019मध्ये जपानमधील मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी आरशात स्वतःच्या गळ्यावरचा डाग पाहून हे मासे तो खरवडू पाहतात, असे जाहीर केले. त्याचा अर्थ काय लावावा यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही, म्हणून तो वाद इथेच सोडतो.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे: या सफाईने माशांचे खरेच काही भले होते का? हा प्रश्न बराच काळ अनिर्णित राहिला होता. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ कॉनराड लिंबॉ यांनी बहामा बेटांजवळच्या दोन लहान प्रवाळखडकांवरून तिथले सफाई करणारे जीव काढून टाकले, आणि थोड्या दिवसांत बहुतेक मासे तिथून निघून गेल्याचे सांगितले. त्यांचा लेख 1961 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला आणि फार गाजला. पण तुलनेसाठी न छेडलेले खडक त्यात नव्हते, आणि पुढे हवाईत या माशाच्या भाऊबंदांवर केलेल्या प्रयोगांत तसा परिणाम दिसला नाही. मग हे सगळे निव्वळ अंग चोळून घेण्याचे सुख म्हणायचे का? निकाल लागायला 1999 उजाडले. ग्रटर यांनी पिंजऱ्यात ठेवलेले मासे सफाई मासा असलेल्या आणि नसलेल्या खडकांवर ठेवून तपासले. सफाई मासा नव्हता तिथल्या माशांवर बारा तासांत सुमारे साडेचार पट किडे आढळले. त्याहून मोठा पुरावा 2011 साली आला. लिझर्ड बेटापाशी काही छोट्या खडकांवरून सफाई मासे साडेआठ वर्षे सतत दूर ठेवले गेले. त्या खडकांवर कायम राहणाऱ्या माशांची संख्या 37 टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या 23 टक्क्यांनी कमी भरली. एवढासा मासा नसल्याने खडकाची वस्ती एवढी विरळ होते.

अंग चोळून घेण्याचे सुखही अगदीच क्षुल्लक नाही. सफाई मासा आपल्या परांनी गिऱ्हाइकाची पाठ हलकेच चोळतो, विशेषतः ते चिडलेले असेल किंवा शिकारी असेल तेव्हा. 2011च्या एका प्रयोगात सफाई माशाची नुसती हलती प्रतिकृती अंगाला लागत राहिली तरी सर्जनमाशांच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक उतरल्याचे आढळले. सफाई माशाच्याच रंगरूपाचा एक तोतयाही समुद्रात आहे. तो दुसऱ्याच कुळातला मासा असून जवळ येऊन परांचा तुकडा तोडतो. असले तोतये संख्येने थोडेच असतात. ते फार झाले तर अस्सल काळ्या पट्ट्यावरचाच विश्वास उडेल.

तिसरा आक्षेप पालक आणि शिक्षक घेतील. लहान मुलांना हे सांगायचे कशाला? जगात जो तो आपल्या फायद्याचे बघतो, चांगुलपणा हा देखावा, एवढेच ती शिकतील. मला ही भीती अनाठायी वाटते. मुले खेळताना राज्य कुणावर, चिडी कुणी केली, पुढच्या डावात त्याला घ्यायचे की नाही, याचा निवाडा रोज करतात. फसवणारा गडी आणि बघणारे सवंगडी त्यांना आपल्याइतकेच ठाऊक आहेत. सफाई केंद्राची गोष्ट त्यांना असे सांगते की, मोह असूनही सरळ व्यवहार टिकू शकतो, फक्त ज्याला फसवले जाते त्याला निघून जाता आले पाहिजे, विरोध करता आला पाहिजे आणि इतरांना ते दिसले पाहिजे. यात निराशा कुठे आहे? 'सगळे मित्र आहेत' एवढेच सांगितले की गोष्ट संपते, मुलाला पुढे विचारायला काही उरत नाही. 'त्याला दुसरेच काही खायचे असते, तरी तो किडे का खातो?' असे विचारले की वर्गातले शेवटच्या बाकावरचे मूलसुद्धा उत्तर शोधू लागेल. मासे चांगले की वाईट हा प्रश्नच इथे लागू नाही, हेही मोठ्यांनी सांगायला हरकत नाही. मुलांना ते कळते.

ही व्यवस्था मात्र आपण समजतो तितकी पक्की नाही. लिझर्ड बेटावर 2014 आणि 2015 साली चक्रीवादळे आली आणि 2016 साली पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले; त्यानंतर तिथल्या सफाई माशांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटल्याचे ब्शारी यांच्या गटाने नोंदवले. उरलेल्या माशांचे वागणेही बदलले होते. पाहुण्या गिऱ्हाइकाला आधी घेण्याची आणि बघ्यांची पर्वा करण्याची हुशारी त्यांच्यात पूर्वीइतकी दिसेना. गर्दी असते तेव्हा ती हुशारी कामाला येते, गर्दी ओसरली की तिचा उपयोगही ओसरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनीही 1998, 2010 आणि 2016 साली असा उष्णतेचा तडाखा सोसला आहे.

याच माशाला मत्स्यालयांच्या व्यापारात चांगली मागणी आहे, आणि ती थांबवणे आपल्या हातात आहे. घरच्या काचेच्या टाकीत रोज शेकडोंनी येणारी गिऱ्हाइके नसतात, त्यांच्या अंगावर पुरेसे किडे नसतात, आणि हा मासा बहुधा उपासमारीने थोड्याच काळात मरतो. तिकडे त्याला पकडून नेलेल्या खडकावरचे केंद्र बंद पडलेले असते. म्हणून मुलांना हा मासा चित्रात दाखवा, चित्रफितीत दाखवा, जमल्यास लक्षद्वीपला नेऊन पाण्यात दाखवा; पण टाकीसाठी तो विकत घेऊ नका, आणि दुकानात दिसला तर तो का घेत नाही हे दुकानदाराला सांगा.