अडुळसा



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात परड्यात, गडग्याच्या कडेला नाहीतर कुंपणाला अडुळसा असतो. पावसाच्या सुरुवातीला त्याची फांदी तोडून रोवली की ती जगते. त्याचं पान कडूजहर असतं, म्हणून गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या शास्त्रीय नावात 'आधाटोडा' असा शब्द आहे. गुरुजी म्हणाले, तो तमिळ भाषेतून आला. तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी. शेळी ज्याला शिवत नाही तो अडुळसा!

अडुळसा पुरुषभर उंच वाढतो. पाने लांबट, टोकदार आणि बारा महिने हिरवी असतात. फुले पांढरी असून आत जांभळट रेघा असतात. फूल नीट बघा. सिंहाने जबडा उघडल्यासारखे दिसते. म्हणून संस्कृतमध्ये त्याला 'सिंहास्य' म्हणतात. आयुर्वेदात 'वासा' हे नावही आहे.

अडुळसा खोकल्यावर औषधी आहे. त्याने छातीतला घट्ट कफ पातळ होतो आणि सुटतो. पानात 'वासिसिन' नावाचे द्रव्य असते. त्यावरून शास्त्रज्ञांनी 'ब्रोमहेक्सिन' हे औषध तयार केले. ते खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांत असते. म्हणजे दुकानातली बाटली आणि आपलं कुंपण यांचं नातं आहे.

आमची आजी पाने स्वच्छ धुते, तव्यावर गरम करते आणि पिळून रस काढते. तो मधातून चाटवते. कधी काढा करते. पाणी चौथाई उरेपर्यंत पाने उकळायची, मग गाळायचे. चव इतकी कडू की तोंड वाकडे होते! पण रात्री झोप लागते.

आता महत्त्वाचे. औषध आहे म्हणून कितीही पिऊ नये. जास्त झाले तर उलटी होते. पोटात बाळ असलेल्या बाईने अडुळसा घेऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मुलांनी आपल्या मनाने पाने तोडून खाऊ नयेत, मोठ्यांना विचारावे.

आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर नुसता काढा पीत बसू नये. तो क्षय असू शकतो. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने शोधले आणि २४ मार्च १८८२ रोजी जगाला सांगितले. ते जंतू काढ्याने मरत नाहीत.

आमच्या वाडीतले एक काका गणपतीला मुंबईहून आले तेव्हा महिनाभर खोकत होते. अंग वाळलं होतं. रोज काढा प्यायचे. आशाताईंनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. थुंकी तपासली, तर क्षय निघाला. तपासणी फुकट आणि गोळ्याही फुकट. सहा महिने त्यांनी एकही दिवस न चुकता गोळ्या घेतल्या. काकी दारात उभी राहून गोळी गिळलेली बघायची. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नसतात. शिमग्याला काकांनी पालखी नाचवली!

म्हणून घराजवळ अडुळसा जरूर लावा. साध्या खोकल्याला अडुळसा, लांबलेल्या खोकल्याला दवाखाना. हे घरी सगळ्यांना सांगा.

— इयत्ता चौथी