चोरखिसा

नागपूरच्या इतवारीतल्या एका बोळात आमच्या शिंपीकाकांचं दुकान आहे. पहिल्यांदा पाठीवर सॅक टाकून परदेशी निघाले, तेव्हा मांजरपाटाचा तुकडा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. "काका, कमरेला बांधायची पातळ पिशवी पायजे." "आत काय ठेवणार?" मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी टेप लावला: लांबी साडेबारा सेंटिमीटर, रुंदी पावणेनऊच्या आसपास. पिशवी त्याहून दोन बोटं मोठी कापली, चेन अंगाकडच्या बाजूला बसवली आणि नाडीऐवजी दुहेरी कापडाचा पट्टा शिवला. "नाडी कापता येते मॅडम. आणि सदऱ्यावरून फुगवटा दिसला नाही पायजे."

ती पिशवी बघून मला आजोबांची बंडी आठवली. ते आर्वीच्या बाजारात कापूस विकायला जायचे. परतताना कापसाचे पैसे बंडीच्या आतल्या चोरखिशात, आणि बाहेरच्या खिशात चहापाण्यापुरती चिल्लर. वाटेत पानाच्या ठेल्यावर हात जायचा तो बाहेरच्या खिशात. मोठा पैसा चारचौघांत कधी बाहेर निघायचाच नाही. परदेशात मी इतकी वर्षं सामान सांभाळते आहे, ते याच रीतीने.

सगळंच सारखं जपायला गेलो की कशावरच नीट लक्ष राहत नाही. म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारते: काय गेलं तर प्रवास थांबेल? पासपोर्ट, एक कार्ड आणि दोन दिवस निभतील एवढे डॉलर. एवढंच अंगावर, कपड्यांच्या आत. घामाने पासपोर्टची पानं फुगतात, म्हणून तो आधी प्लास्टिकच्या पाकिटात. दुसरं कार्ड सॅकच्या तळाशी, मोज्यांच्या गुंडाळीत. हातातल्या पाकिटात फक्त त्या दिवसाचा खर्च. हॉस्टेलच्या सामायिक खोलीत रात्री ही पिशवी पांघरुणाच्या आत असते आणि अंघोळीला जाताना बरोबर येते. लॉकर असतो, पण कुलूप बहुधा आपलंच लागतं. ते घरून न्यावं.

सॅकच्या चेनला कुलूप लावलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. साध्या गुंडाळीच्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं की दात उकलतात आणि कुलूप लावलेला रनर पुन्हा फिरवला की चेन जशीच्या तशी मिटते. रात्रीच्या बसमध्ये पोटात टाकलेल्या बॅगा अशाच उघडल्या जातात, आणि सकाळी मालकाला काही कळतही नाही. म्हणून सॅक बसच्या पोटात जाणार असेल, तर दुसरं कार्ड आणि किमती काही असेल ते मी काढून घेते आणि तिच्यात फक्त कपडे ठेवते. ट्रेनमध्ये मात्र आपली विदर्भ एक्स्प्रेसची सवय कामी येते. बर्थखालच्या कडीला साखळी-कुलूप. साखळी तोडणं अशक्य नसतं, पण वेळ लागतो आणि आवाज होतो. चोराला या दोन्ही गोष्टी नको असतात.

कुलपाहून मोठी गोष्ट म्हणजे लक्ष. आपल्या नागपूर–जबलपूर वाटेने हा धडा फार महागात शिकवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिवनी-लखनादौनच्या त्या रस्त्यावर ठगांच्या टोळ्या फिरत. ते अंधारातून झडप घालत नसत. प्रवाशांशी ओळख काढत, सोबतीला सोबत म्हणून दिवसचे दिवस बरोबर चालत आणि विश्वास बसला की रुमालाने गळा आवळत. जबलपूरहून त्यांचा पाठलाग करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याकडे 1835 मध्ये ठगीविरोधी मोहिमेची सूत्रं आली. ठग हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला.

आजच्या खिसेकापूच्या हातात गळफास नसतो, पण सुरुवात ओळखीनेच होते. बार्सिलोनाच्या रांबला रस्त्यावर कुणीतरी दाखवतो, तुमच्या पाठीवर घाण पडली आहे, आणि पुसायला मदत करू लागतो. पॅरिसमध्ये मुली सहीसाठी कागद पुढे करतात आणि त्या कागदाखालून दुसरा हात चालतो. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रापाशी न मागता मदतनीस हजर होतो. आधी लक्ष चोरलं जातं, मग वस्तू. परक्या शहरात कुणी अचानक अंगाजवळ आलं, की मी पहिल्यांदा बॅगेवर हात ठेवते, दोन पावलं मागे सरते आणि मगच बोलते. यात उद्धटपणा काहीच नाही.

एवढं सगळं पाळूनही 2023 च्या डिसेंबरात माझा फोन गेला. हो ची मिन्ह सिटीत, बुई व्हिएन रस्त्याजवळ. संध्याकाळचे सात वाजले होते. फुटपाथच्या कडेला उभी राहून मी नकाशा बघत होते. मागून मोटरसायकल आली, मागच्या सीटवरच्या माणसाने हात लांब केला आणि माझी बोटं रिकामी झाली. तळहाताला फक्त कव्हर घासल्याची जळजळ राहिली. त्या शहरात हा प्रकार नेहमीचा आहे. नकाशा बघायचा तर भिंतीकडे सरकून, रस्त्याकडे पाठ न करता, किंवा दुकानात शिरून बघावा. बॅग रस्त्याच्या उलट खांद्याला असावी.

खरी अडचण त्यानंतर कळली. फोनबरोबर सिम गेलं, आणि सिमबरोबर ओटीपी. बँक, ईमेल, तिकिटं, सगळी दारं त्या एका नंबरावर उघडत होती. आजोबा असते तर म्हणाले असते, आतला आणि बाहेरचा, दोन्ही खिसे तू एकाच वस्तूत शिवलेस. नागपुरात भाऊ माझं डुप्लिकेट सिम काढायला गेला, तर ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच यावं लागतं. आणि नवं सिम मिळालं तरी फसवणूक टाळण्यासाठी पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत.

मला वाचवलं ते कमरेच्या पिशवीने. पासपोर्ट होता, कार्ड होतं, ई-व्हिसाची छापील प्रत होती आणि पाच नंबरांची एक चिठ्ठी होती: भाऊ, मैत्रीण, दोन बँका, विमा. बॉलपेनने लिहिलेली. घामाने एका बँकेच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पसरले होते. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीने तो नंबर शोधून दिला आणि स्वतःच्या फोनवरून लावूनही दिला. ती वीस मिनिटं माझ्या शेजारी उभी राहिली. तिचे उपकार मी विसरलेली नाही.

तेव्हापासून निघण्याआधी मी काही कामं हमखास करते. सिमला पिन लावते, म्हणजे चोराने ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी त्याच्या हाती लागत नाही. फोनमधलं चोरीपासूनचं संरक्षण चालू करते. 2024 पासून आयफोनमध्ये आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आहे, आणि काही अँड्रॉइड फोन हिसका बसताच आपोआप कुलूपबंद होतात. भारतातलं सिम जुन्या साध्या फोनमध्ये टाकून सॅकमध्ये ठेवते आणि रस्त्यावर तिथलं सिम वापरते. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स मैत्रिणीच्या बॅगेत, तिची माझ्या बॅगेत.

आणि चोरी झालीच, तर क्रम लक्षात असू द्या. आधी कार्डं आणि सिम बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून आपला फोन दुरूनच कुलूपबंद करा. मग पोलिसांत तक्रार. फोन परत मिळेल म्हणून नव्हे; त्या कागदाशिवाय विमा पुढे सरकत नाही, आणि बऱ्याच विम्यांत तक्रारीला 24 तासांचीच मुदत असते. पासपोर्ट गेला असेल, तर हीच तक्रार घेऊन भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जा. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं, त्यावर पुढचा देश करता येत नाही. शिवाय हरवलेल्या पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्काही गेलेला असतो, म्हणून अनेक ठिकाणी देश सोडण्याची वेगळी परवानगी काढावी लागते. यात दिवस जातात. म्हणूनच इतर कशाहीपेक्षा पासपोर्ट जपायचा.

आणि कुणी हिसकावायला आलंच, तर सोडून द्या. बॅगेचा पट्टा धरून ठेवणारी माणसं मोटरसायकलमागे फरफटत गेली आहेत. अंगावरची पिशवी शाबूत असेल, तर हातातलं गेलेलं भरून काढता येतं.

या दिवाळीत माझी भाची मैत्रिणींबरोबर व्हिएतनामला निघाली आहे. परवा तिला घेऊन इतवारीत गेले. काकांनी या वेळी माप विचारलं नाही. पिशवी कापली, चेन अंगाकडे बसवली, पट्टा दुहेरी शिवला. घरी आल्यावर मी तिला चिठ्ठी लिहायला बसवलं. तिने पेन उचललं. मी तिच्या हातात पेन्सिल दिली. शिसं घामाने पसरत नाही.