नवी भाषा शिकताना यंत्र जुनी का विसरतं?

भनपुरी ही रायपूरच्या बिलासपूर रस्त्यावरची कारखान्यांची वस्ती. इथल्या कामगाराला बँकेच्या फोनवर छत्तीसगढीत विचारता यावं आणि रायपुरातल्या मराठी माणसाला मराठीत, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या रेस्पिन प्रकल्पात शेती आणि बँकव्यवहारासाठी ज्या नऊ भाषांमधलं बोलणं गोळा झालं, त्यांत या दोन्ही आहेत.

मग मराठी बोलणं ऐकून लिहिणाऱ्या संगणकीय मॉडेलला छत्तीसगढी शिकवली की दोन्ही येतील, असं सहज वाटतं. तसं होईलच असं नाही. नुसती छत्तीसगढी ऐकवत राहिलं, तर मराठी बिघडत जाते. छत्तीसगढीत ‘ळ’ नाही, त्यामुळे ‘मुळे’ ऐकून मॉडेल ‘मुले’ लिहू लागेल आणि झाडाला मुलं फुटतील!

अनेकांना वाटतं, जागा संपली म्हणून जुनं पुसलं गेलं. पण मॉडेल म्हणजे फायलींचं कपाट नव्हे. त्याच्या आत असंख्य आकडे असतात आणि मराठी-छत्तीसगढी दोन्ही त्याच आकड्यांवर उभ्या असतात. नव्या धड्यासाठी ते सरकवले की जुना धडा हलतो. 1989 मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन या संशोधकांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे अशाच आकड्यांच्या जाळ्याला, आधी एक मिळवण्याच्या बेरजा शिकवल्या, मग फक्त दोन मिळवण्याच्या. दुसऱ्या बेरजा येऊ लागल्या तशा पहिल्या कोसळल्या. इतक्या चिमुकल्या अभ्यासक्रमात जागेचा प्रश्न नव्हताच.

‘रोज वापरलं की ते आपोआप शिकतं’ हेही खरं नाही. बहुतेक चॅटबॉट बोलताना आतले आकडे बदलत नाहीत. त्यांच्यासमोर मुख्यतः चालू संभाषण असतं. शिकवणं वेगळं होतं, मागाहून.

‘मग सगळं पहिल्यापासून शिकवा’ हा सल्ला महागडा आहे, आणि जुनी सगळी ध्वनिमुद्रणं दरवेळी हाताशी असतातच असं नाही. त्याहून स्वस्त वाटा आहेत. नव्या धड्यात जुन्या मराठी नमुन्यांची थोडी उजळणी मिसळायची, ही सर्वांत साधी आणि माझ्या मते पहिल्यांदा करून पाहण्याजोगी. 2017 मध्ये डीपमाइंड या कंपनीच्या संशोधकांनी दुसरी मांडली: जुन्या कामाला महत्त्वाचे आकडे ओळखायचे आणि ते फारसे हलू द्यायचे नाहीत. तिसरी, मूळ मॉडेल गोठवून प्रत्येक भाषेसाठी छोटा वेगळा थर जोडायचा. त्यात जुनं सुरक्षित राहतं, पण कुठला थर वापरायचा हे ठरवावं लागतं. एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी मिसळणाऱ्या रायपुरी माणसापुढे तिथेच अडचण येते.

सगळ्यांत घातक गैरसमज सरासरीचा आहे. ‘एकूण अचूकता वाढली’ या वाक्याआड एखादी भाषा घसरलेली असू शकते, कारण छत्तीसगढीतली मोठी सुधारणा मराठीतली घट झाकून टाकते. म्हणून नवी आवृत्ती घेणाऱ्या बँकेने प्रत्येक भाषेच्या चुकांचं प्रमाण आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हे वेगवेगळं मागावं. आणि मराठी तपासताना केवळ पुस्तकी वाक्यं न घेता नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठीही घ्यावी, कारण रायपूरच्या कित्येक घरांत तीच बोलली जाते.