जहाजावरचं पांढरं पिंप : लाइफ राफ्टची तपासणी कशी होते?



कोकणपट्टीतल्या शाळेत शिकवत असाल, तर वर्गात एक तरी मूल असं असतंच ज्याचे बाबा किंवा काका ‘बोटीवर’ असतात. त्या मुलाला कधी विचारा, जहाजाच्या कठड्याजवळ जे पांढरं, जाडजूड पिंपासारखं काही आडवं ठेवलेलं असतं ते काय? बऱ्याच मुलांनी फोटोत ते पाहिलेलं असतं, पण ते काय आहे हे माहीत नसतं. ते असतं लाइफ राफ्ट, म्हणजे हवेने फुगणारा जीवरक्षक तराफा. आत घडी करून ठेवलेला असतो. जहाज बुडायला लागलं की पंचवीस माणसांचा जीव त्या घडीवर अवलंबून असतो.

गंमत बघा. जहाजावर अशी वस्तू विरळाच, जी वर्षानुवर्षं वापरली जात नाही, पण जेव्हा वापरायची वेळ येते तेव्हा पहिल्याच झटक्यात चाललीच पाहिजे. म्हणून तिच्या तपासणीला एवढं महत्त्व. विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी तर हा विषय म्हणजे खजिनाच आहे.

तराफा फुगतो कसा?

पुष्कळांना वाटतं, पिंप पाण्यात पडलं की आपोआप फुगतं. तसं नाही. पिंपातून एक लांब दोर बाहेर येतो. त्याला पेंटर म्हणतात (रंगारी नव्हे बरं!). त्याचं टोक जहाजाला बांधलेलं असतं. पिंप पाण्यात टाकायचं, दोर पूर्ण बाहेर येईपर्यंत ओढत राहायचं आणि मग जोरात हिसका द्यायचा. त्या हिसक्याने आतल्या सिलिंडरची झडप उघडते. सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूप झालेला कार्बन डायऑक्साइड असतो, त्यात थोडा नायट्रोजन मिसळलेला. थंडीतही वायू जोरात बाहेर यावा म्हणून ही मिसळ.

एक किलो कार्बन डायऑक्साइडचा नेहमीच्या तापमानाला साधारण ५५० लिटर वायू होतो. म्हणून छोट्याशा सिलिंडरातून एवढा मोठा तराफा फुगू शकतो. नियम असा की साधारण १८ ते २० अंश सेल्सिअसला तो एका मिनिटात फुगला पाहिजे, आणि उणे ३० अंशालाही तीन मिनिटांत.

ओढायला कोणीच उरलं नाही तर?

जहाज अचानक बुडालं, पिंप सोडायला कोणाला वेळच मिळाला नाही, तर? त्यासाठी पिंपाच्या पट्ट्याला एक छोटं उपकरण लावलेलं असतं. त्याचं नाव हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट. जहाज बुडताना पाण्याचा दाब वाढत जातो. चार मीटर खोलीच्या आतच हे उपकरण त्या दाबाने पट्टा सोडतं. पिंप मोकळं होऊन वर यायला लागतं, जहाज खाली जातं, दोर ताणला जातो आणि तराफा फुगतो.

पण मग एक नवी अडचण. दोराचं दुसरं टोक तर बुडत्या जहाजालाच बांधलेलं! तराफाही खाली ओढला जाणार नाही का? इथे येतो ‘वीक लिंक’, म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. सुमारे २.२ किलोन्यूटन बलाला, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो वजनाइतक्या ओढीला, तो तुटतो. आता मुलांना गणित घाला. २५ माणसांचा तराफा, माणशी ८२.५ किलो धरले तर एकूण किती? दोन हजार किलोंच्या वर. एवढा भार तोलणारा फुगलेला तराफा वर जाण्यासाठी केवढी ओढ लावेल? सव्वादोनशे किलोंचा दुवा तुटणारच. आर्किमिडीजचं तत्त्व फळ्यावर शिकवण्यापेक्षा हे उदाहरण मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

आणि इथेच माणसाची चूक जीवघेणी ठरते. कोणी पेंटर वीक लिंकला न बांधता थेट डेकवरच्या मजबूत कडीला बांधला, तर तराफा जहाजाबरोबर तळाला जातो. कोणी ‘वाऱ्यात हलायला नको’ म्हणून पिंपाला जादा दोरखंड आवळला, तर पट्टा सुटूनही पिंप सुटत नाही. कोणी रंगकाम करताना त्या उपकरणावरूनच ब्रश फिरवला, तर ते नीट चालेलच याची खात्री राहत नाही. या तिन्ही चुका करणारा माणूस वाईट हेतूने करत नाही, उलट ‘नीटनेटकं’ करायलाच जातो.

तपासणी : आठवडा, महिना, वर्ष

सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये तो पहिल्यांदा झाला, आज १९७४ सालचा करार दुरुस्त्यांसह लागू आहे. त्यानुसार खलाशांनी दर आठवड्याला जीवरक्षक नौका-तराफ्यांवर नजर टाकायची आणि दर महिन्याला यादी हातात घेऊन सगळी साधनं तपासायची. पिंपाला तडा आहे का, पट्टा नीट आहे का, दोर योग्य जागी आहे का, मुदतीची तारीख काय?

पण आतलं बाहेरून दिसत नाही. म्हणून दर १२ महिन्यांनी पिंप किनाऱ्यावर मान्यताप्राप्त सर्व्हिस स्टेशनला जातं. अगदीच शक्य नसेल तर प्रशासन ही मुदत १७ महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. तिथे काय काय होतं?

१. तराफा उघडून हवा भरतात. ठरलेल्या दाबाला फुगवून तासभर तसाच ठेवतात. दाब ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरता कामा नये. मात्र तासाभरात खोलीचं तापमान बदललं तर दाबही बदलतो, म्हणून तो फरक हिशेबात धरावा लागतो. उन्हात ठेवलेल्या सायकलची ट्यूब आठवा!

२. सिलिंडरचं वजन करतात. दाब का मोजत नाहीत? कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत त्याच तापमानाला दाब तेवढाच राहतो, गळती झाली तरी कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीचंही तेच, किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. वजनात २५० ग्रॅम किंवा ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त घट आढळली, तर सिलिंडर पुन्हा भरतात.

३. आतलं सामान तपासतात. दूरच्या सफरीच्या जहाजावर माणशी दीड लिटर पाणी, १०,००० किलोज्यूल ऊर्जा देणारं अन्न, धुराचे व प्रकाशाचे संकेत, प्रथमोपचार पेटी, शिट्टी, आरसा, आणि बोट लागण्यावरच्या गोळ्या. या गोळ्या साध्या वाटतात, पण तराफा प्रचंड हेलकावतो. उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलं तर दीड लिटर कुठवर पुरणार? मुदत संपलेलं सामान बदलतात.

४. पुन्हा घडी घालतात. हे सगळ्यात कौशल्याचं काम. घडी चुकली तर फुगताना कापड अडकू शकतं.

दर पाचव्या वर्षी तराफा त्याच्या स्वतःच्या सिलिंडरने फुगवून बघतात. वायू एकदम प्रसरण पावतो, थंड होतो, कार्बन डायऑक्साइडचे घन कण तयार होतात. ते उडून जाऊन दाब स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. दहा वर्षांनंतर परीक्षा आणखी कडक होते. जास्त दाब देऊन शिवणी बघतात, तळाच्या जोडावरून किमान ७५ किलो वजनाचा माणूस चालवतात किंवा रांगवतात. म्हातारपणी आपली तपासणी वाढते, तसंच.

हे सगळं कशासाठी?

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ती आठवण अजून आहे.

ते जुनं झालं म्हणाल, तर मे २०२१. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा-बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलाने बहुसंख्यांना वाचवलं, पण सत्तरहून जास्त जण परतले नाहीत. वाचलेल्यांपैकी काहींनी पत्रकारांना सांगितलं की लाइफ राफ्ट पंक्चर निघाले. एखाद्या रजिस्टरमधली ‘तपासले’ ही सही खरी की नुसती, याचा निकाल अशा रात्री लागतो.

वर्गात काय करता येईल?

फुगा फुगवून तोंड बांधा, परीघ दोऱ्याने मोजा, थोडा वेळ उन्हात आणि मग सावलीत ठेवून पुन्हा मोजा. वीक लिंकसाठी जाड सुतळीला मध्ये एक शिवणाचा बारीक दोरा जोडा आणि ओढा. कुठे तुटतं? मोठ्या मुलांना वरचं पंचवीस माणसांचं गणित द्या.

आणि शाळेतलं अग्निशामक नळकांडं दाखवा. त्यावरची तारीख मुलांनाच वाचायला सांगा. माझा अनुभव असा की तारीख वाचायला लागली की मुलं आपणहून प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं कधी कधी आपल्याला अवघड जातात, पण ते बरंच आहे.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी मर्चंट नेव्हीत जायचं म्हणत असेल, तर पगाराबरोबर हेही बोला. बोटीवर पहिल्या दिवशी आपला राफ्ट कुठला ते शोधायचं, दोर कुठे बांधलाय ते स्वतः बघायचं. न बघता सही करायची नाही. एवढं जरी घरातून शिकून गेलं तरी पुष्कळ झालं.